गेराटींचा विस्तव

मी, खाली सही करणारी कुमारी आर्मिनेल हॅकवेल, वय वर्षे एकाहत्तर, दिवंगत सर हेक्टर हॅकवेल यांची थोरली मुलगी व विद्यमान बॅरोनेट सर स्टँडिश हॅकवेल यांची सख्खी बहीण, राहणार हॅकवेल कोर्ट, मौजे बालीनारा, काउंटी रॉसकॉमन, हे सर्व माझ्या स्वतःच्या हाताने, कोणाच्या धाकाने नाही आणि कोणाच्या भरीला पडूनही नाही, लिहून ठेवते. डॉक्टर कीओ आत्ताच मला तपासून उठले. त्यांना माझ्या छातीची काळजी वाटते, डोक्याची वाटत नाही. तसा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या भावाला माझ्या डोक्याची शंका आहे, पण ती गेली पन्नास वर्षं आहे.

वकील मि. टिस्डल समोर बसून मी लिहिते त्याची नक्कल करत आहेत. त्यांचं म्हणणं, मृत्युपत्रात मालमत्ता लिहावी, राग लिहू नये. मी म्हटलं, "मालमत्ता थोडीच आहे माझी. उरलेल्या कागदाचं काय करू?" त्यांनी पुन्हा लेखणी शाईत बुडवली.

कलम पहिलं. यापूर्वी मी केलेली तिन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्या तिन्हींत मी माझं सगळं माझा भाचा, स्टँडिशचा मुलगा कॅप्टन पर्सिव्हल हॅकवेल याच्या नावे केलं होतं, कारण घराण्यात तो एकटाच मुलगा आणि उद्या किताब त्याच्याकडेच जायचा. गेल्या नाताळात पर्सिव्हल लंडनहून आला. मी तापाने पडले होते. तो माझ्या खोलीत आला, आत्याला झोप लागली आहे असं समजून त्याने खिशातून फीत काढली आणि खिडक्यांची मापं घेतली. मग माझ्या पलंगाचं माप घेतलं. मी त्यावर असताना. जाताना माझ्या कपाळाला ओठ लावून गेला, आणि ती जागा मी तीनदा धुतली.

कलम दुसरं. माझं प्रेत चर्चखालच्या घराण्याच्या तळघरात ठेवू नये. आमच्या घराण्यातली माणसं मेल्यावरसुद्धा मातीला लागत नाहीत. त्यांना शिशाच्या पेटीत बंद करून फळ्यांवर ओळीने मांडतात, मुरांब्याच्या बरण्या मांडाव्यात तशी. वडिलांना तिथे ठेवायला गेलो तेव्हा आजोबांची पेटी एका कडेने फुटली होती आणि खालच्या फरशीवर काहीतरी ओघळलं होतं. ज्या आजोबांनी डब्लिनच्या संसदेत स्वतःचं मत विकून बॅरोनेटचा किताब घरात आणला, त्यांच्यावरून माझा बूट घसरला. स्टँडिशने नाकाला रुमाल लावला, आणि बाहेर येऊन दोन पेले शेरी प्यायला.

मला गरीबखान्यामागच्या कुरणात पुरावं. दुष्काळाच्या सालात तिथे माणसं एकावर एक पुरली आहेत. सबिना गेराटी तिथे आहे. नेमकी कुठे आहे हे आता कोणालाच सांगता येणार नाही, त्यामुळे मला कुठेही चालेल. आमचे पाद्री मागे मला म्हणाले होते, "बाईसाहेब, ती जागा आपल्या लोकांची नव्हे." त्यांना सांगावं की म्हणूनच मागितली.

कलम तिसरं, किरकोळ जंगम. माझे कपडे, पलंग, भिंतीवरचं घड्याळ, आणि बागेतली सगळी हत्यारं, म्हणजे दोन फावडी, खुरपी, झाडं छाटायची मोठी कात्री, हे विनी टूही हिला द्यावं. ही बावीस वर्षं माझ्याकडे आहे. कात्रीचा स्क्रू सैल आहे, तो तिला माहीत आहे. आईकडून मला आलेलं स्टँडिशचं घोड्यावरचं मोठं तैलचित्र पर्सिव्हलला द्यावं. त्यातला घोडा शेजारच्या मेजरसाहेबांचा आहे, कारण आमचा त्या साली लंगडत होता; आणि त्यातली छाती चित्रकाराची कल्पना आहे. पर्सिव्हलकडे फीत आहेच, त्याने मापून घ्यावं.

कलम चौथं. माझा भाऊ सर स्टँडिश, घराण्यातला तिसरा बॅरोनेट, याला मी वडिलांचा जाड लोकरीचा कोट देते. तो माझ्या पेटीत कापूर घालून ठेवला आहे. त्याला त्याची गरज पडणार आहे. का, ते सहाव्या कलमात येईल, आणि ते कलम मि. टिस्डल यांनी त्याच्यासमोर मोठ्याने वाचावं, कारण त्याला स्वतःहून शेवटपर्यंत काही वाचायची सवय नाही.

तो कोण आहे हे इथे लिहून ठेवणं मला भाग आहे, कारण थडग्याच्या दगडावर भलतंच लिहिलं जाईल.

त्याच्या जन्मानंतर आई वर्षभर अंथरुणाला खिळली. क्लूनबेगच्या सबिना गेराटीला त्याच महिन्यात मुलगा झाला होता, मॅलकी. तेव्हा स्टँडिशला तिच्या झोपडीत पाठवलं. उजवीकडे मॅलकी, डावीकडे स्टँडिश, असे दोघे तिच्या अंगावर वाढले. तीन वर्षं तो तिथे होता. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी; रोज दासीबरोबर त्याला बघायला जायचे आणि परत यायला रडायचे, कारण त्या एका खोलीत ऊब होती आणि आमच्या चाळीस खोल्यांत नव्हती. त्याचा पहिला शब्द तिच्या भाषेतला होता, इंग्रजीतला नव्हे. घरी आणल्यावरही सात वर्षांचा होईपर्यंत तो तिच्या हातूनच जेवायचा. ती रोज दोन मैल चालत येऊन त्याला ताकात कुस्करलेला बटाटा भरवायची.

मग त्याला इंग्लंडात शाळेत घातलं. अठराव्या वर्षी परत आला तेव्हा त्याचं नाक आणि आवाज दोन्ही वर गेले होते. फाटकाशी मॅलकी उभा होता, धावत पुढे आला आणि म्हणाला, "काय रे स्टँडिश, केवढा वाढलास."

स्टँडिश त्याच्याकडे न बघता म्हणाला, "टोपी काढ."

मॅलकीने टोपी काढली. म्हणाला, "काढली, साहेब. माझ्या वाटणीचं दूध प्यायलात, ते मी कुठे परत मागतोय?"

त्याबद्दल त्याला कारभाऱ्याकडून दोन छड्या बसल्या. मी जिन्यावर उभी होते आणि मी काही बोलले नाही. पुढची पन्नास वर्षं सर स्टँडिश यांनी काय केलं असं कोणी विचारलं तर: कोल्ह्यांच्या मागे धावले, लंडनच्या संसदेत दोनदा निवडून जाऊन तिथे झोपले, एका सालस इंग्रज मुलीशी लग्न करून तिला पाच वर्षांत थंडीने आणि एकटेपणाने मारलं, आणि ज्या जमिनीवर जगले तिच्यावरच्या एकाही माणसाचं नाव लक्षात ठेवलं नाही.

कलम पाचवं, स्थावर. मौजे क्लूनबेग येथील चौदा एकर जमीन आणि तिच्यावर गेल्या शरदात बांधलेलं दोन खोल्यांचं घर माझ्या एकटीच्या मालकीचं आहे. स्टँडिशला हे वाचून धक्का बसेल. दुष्काळानंतर बुडीत गेलेल्या जमिनीचा कोर्टाने लिलाव केला तेव्हा क्लूनबेग डब्लिनच्या कोणा लोणीवाल्या व्यापाऱ्याने घेतलं अशी त्याची समजूत आहे. तो व्यापारी मी. आईकडून आलेले पैसे होते आणि मि. टिस्डल यांच्या वडिलांचं तोंड बंद होतं. ही जमीन आणि हे घर मी मॅलकीची मुलगी ओनोरा गेराटी हिला कायमचं, वारसाहक्काने देते. ही जमीन तिचीच होती. ती तिची का राहिली नाही ते आता सांगते.

सन अठराशे अठ्ठेचाळीस, मे महिन्याची पहिली तारीख, सोमवार. बटाटा तिसऱ्यांदा कुजला होता. सबिनाची दोन नातवंडं त्या हिवाळ्यात गेली होती. क्लूनबेगच्या अकरा घरांना खाली करायची यादी कारभारी मि. ग्रिबल यांनी लावली. मी आदल्या आठवड्यात स्टँडिशकडे गेले. म्हटलं, "यादीत सबिना आहे. ती तुझी दूधआई आहे."

तो कुत्र्याच्या कानातली गोचीड काढत होता. म्हणाला, "यादी ग्रिबलने केली आहे. मी नावं वाचत नाही."

घर खाली करायची आमच्याकडची रीत अशी: घरातला प्रत्येक जीव बाहेर काढायचा, मांजर आणि कोंबडीसुद्धा, चुलीतला विस्तव विझवायचा, आणि मग छपरातली एक काडी उपसून जमीनमालकाच्या हातात द्यायची. तेव्हा ताबा पुरा होतो. एखादा जीव आत राहिला किंवा विस्तव जिवंत राहिला तर ताबा कच्चा, असं सगळे मानतात, शेरीफचे शिपाईसुद्धा. आणि सबिनाच्या चुलीतला विस्तव तिच्या आजीच्या आजीपासून विझला नव्हता. रोज निजण्याआधी राखेत पुरायचा, सकाळी उकरायचा. त्या घरात आगपेटी कोणी पाहिली नव्हती.

त्या सकाळी ग्रिबलची माणसं पहिल्या घराशी होती तेव्हा मी मागच्या बांधावरून सबिनाकडे गेले. झग्याखाली तीन पायांचं लोखंडी भांडं लपवलं होतं. ती चुलीपुढे बसली होती, सामान बांधलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "सबिना, विस्तव माझ्याकडे दे. ते पाणी ओततील."

ती म्हणाली, "आज मेची पहिली आहे, पोरी. आज विस्तव घराबाहेर देत नाहीत. घराचं भाग्य जातं त्याच्याबरोबर."

"कसलं भाग्य राहिलंय, सबिना?"

तिने खोलीभर नजर फिरवली. खरंच शोधत असल्यासारखी फिरवली. मग उठली, चिमट्याने चुलीच्या पोटातले निखारे एकेक करून माझ्या भांड्यात ठेवले, वर राख पसरली आणि म्हणाली, "देत नाही मी. ठेवायला सोपवतेय. परत आणून दे."

मी म्हटलं, "आणीन."

तिने चुलीत नुसती राख आणि टर्फच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, दोन अर्धवट जळलेल्या विटा ठेवल्या. ग्रिबल आला, त्याने बादली ओतली, धूर आणि वाफ झाली, त्याचं समाधान झालं. आतला विस्तव आधीच गेला आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. कोंबडी मात्र त्याने स्वतः पकडून बाहेर काढली आणि पिशवीत घालून घरी नेली. मी बांधाआड उभी राहून हे सगळं पाहिलं. मांडीशी भांडं भाजत होतं.

स्टँडिश गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसला होता. चिखल फार होता म्हणून उतरला नाही. त्याच्यासाठी टोपलीतून थंड कोंबडी आणि हॅम दिलं होतं, आणि अकरा घरं रस्त्यावर येत असताना तो कोंबडीची तंगडी चोखत होता. गल्लीत माणसं भुकेने पिवळी पडलेली. ग्रिबलने सबिनाच्या छपराची काडी आणून त्याच्या हातात दिली. त्याने तेलकट बोटांनी ती घेतली, तोंडातला घास गिळला, "संपलं का सगळं?" असं विचारलं, आणि त्या काडीने दात कोरले.

चौतीस वर्षं झाली. मला अजून ताटात कोंबडी सहन होत नाही.

पण शिसारी नुसती त्याची नाही. मी काय केलं? माणसं रस्त्यावर सोडली आणि त्यांचा विस्तव घेऊन घरी आले. मला तेव्हा फार मोठं काही केल्यासारखं वाटलं. सबिना पाच आठवडे बांधाच्या कडेला चार काठ्या आणि गवताखाली राहिली, मग गरीबखान्यात गेली, मग त्या कुरणात गेली. मी तिला घरात आणलं नाही, कारण स्टँडिश संतापला असता. मी तिला रोज दूध पाठवलं. तिला दूध. हे लिहिताना माझी मलाच किळस येते. मॅलकी बायकोला घेऊन अमेरिकेच्या जहाजात चढला आणि मी विस्तव परत करायचा कोणाला या प्रश्नातून सुटले.

दोन वर्षांपूर्वी एक तिशीतली बाई स्वयंपाकघराच्या दाराशी आली. डोक्यावर परदेशी टोपी, पायात चांगले बूट. विनीने विचारलं, काय काम आहे. ती म्हणाली, "माझ्या आजीची एक वस्तू बाईसाहेबांकडे ठेवायला आहे. ती न्यायला आलेय."

मी खाली गेले. मॅलकीचेच डोळे. तो खाणीत छातीच्या दुखण्याने गेला, आणि जाताना मुलीला एवढंच सांगून गेला: आपला विस्तव हॅकवेलच्या बाईकडे आहे, तो मेला नसणार.

मी तिला म्हटलं, "आहे. जमीनही आहे. घर बांधून देते. विस्तव मात्र माझ्यामागे मिळेल. लिहून ठेवीन."

ओनोरा म्हणाली, "तुमच्यामागे का, बाईसाहेब?"

मी म्हटलं, तुझं घर अजून उभं नाही. घर गेल्या शरदात उभं राहिलं. ती त्यात राहायला गेली नाही. चौकातल्या शिवणकामवालीकडे राहते आणि शर्ट शिवते. घराला चूल आहे, चुलीत काही नाही. विनीने तिला विचारलं, आगपेटी का लावत नाहीस? ती म्हणाली, "आगपेटीने चूल पेटवायची तर तिकडेच राहिले असते की."

कलम सहावं. माझ्या खोलीतल्या शेगडीत जो विस्तव आहे, तो गेराटींचा आहे. तो चौतीस वर्षांत एकदाही विझलेला नाही. मी आजारी असले तर विनीने राखला, विनीच्या आधी तिच्या मावशीने. या घरातली प्रत्येक शेगडी त्याच्यावरूनच पेटली आहे. स्टँडिशचं दाढीचं पाणी त्याच्यावर तापलं, त्याच्या लग्नाच्या मेणबत्त्या त्याच्यावर लागल्या, पर्सिव्हलच्या जन्मावेळचं पाणी त्याच्यावर उकळलं. जो विस्तव विझला म्हणून क्लूनबेग आमचं झालं, त्याच्यावर हे घराणं शेकत आलं आहे.

गेली दीड वर्षं गावाने स्टँडिशला वाळीत टाकलं आहे. त्याच्या घोड्याला कोणी नाल ठोकत नाही, त्याला कोणी अंडं विकत नाही, टर्फ तर नाहीच. चाळीस खोल्यांत फक्त माझ्या खोलीत ऊब आहे, कारण दर शनिवारी मागच्या दाराशी टर्फच्या दोन टोपल्या येतात. कोण ठेवतं ते दिसत नाही. बालीनाऱ्यातल्या लहान पोरांनासुद्धा ठाऊक आहे की तो टर्फ कोणाच्या विस्तवासाठी येतो. ठाऊक नाही ते एकट्या बॅरोनेटसाहेबांना. ते रोज दुपारी माझ्या खोलीत येतात, बूट काढतात, पाय शेगडीच्या कठड्यावर टाकतात, ओल्या लोकरी मोज्यांतून वाफ निघू लागते, आणि खोलीभर तो वास पसरतो. मग म्हणतात, "बघ आर्मिनेल, लोकांना कोणी कितीही चिथावलं तरी ते घराण्याचा मान ठेवतात. टर्फ आला की नाही?"

मी म्हणते, "आला."

हा विस्तव, त्याचं लोखंडी भांडं आणि चिमटा मी ओनोरा गेराटी हिला देते.

इथे मि. टिस्डल यांनी लेखणी खाली ठेवली. आमचं बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते, कारण त्याने हे कलम बिघडलं आहे.

ते म्हणाले, "बाईसाहेब, मृत्युपत्र कधी वाचतात?"

"दफन झाल्यावर."

"म्हणजे तिसऱ्या नाही तर चौथ्या दिवशी. तुम्ही गेलात की या खोलीत पहिली गोष्ट काय होईल?"

"खिडकी उघडतील."

"आणि?"

मी शेगडीकडे पाहिलं. प्रेत ज्या खोलीत ठेवतात तिथली शेगडी लगेच विझवतात. माझ्या आईची विझवली, वहिनीची विझवली, दोन्ही वेळा मीच विझवायला सांगितली. उबेत प्रेत टिकत नाही.

मी म्हटलं, "विनीला सांगून ठेवेन. दुसऱ्या खोलीत काढून ठेवील."

"आणि सर स्टँडिश म्हणाले, नको, टर्फ वाया जातो, तर? विनीने कोणाच्या हुकमाने त्यांना नाही म्हणायचं? तुमचा हुकूम तर बंद पाकिटात असणार."

डॉक्टर कीओ खिडकीबाहेर बघत होते. विनी दाराशी उभी होती, तिने एप्रन तोंडाला लावला. पुढचा प्रश्न त्यांच्यापैकी कोणीच विचारला नाही, पण तिघांच्या मनात तोच होता: घर शरदात तयार झालं, आता वसंत आहे, दोन मैलांच्या वाटेवर चूल आहे, तर मग बाईसाहेब, अजून का? त्याचं उत्तर मी शपथेवर देते. मला थंडी सहन होत नाही. मी म्हातारी आहे, ही शेगडी माझ्या उशाशी आहे, आणि मला गरज संपल्यावर उदार व्हायचं होतं. आमच्या घराण्याची हीच रीत. मी ती स्टँडिशमध्ये बघत आले आणि नाक मुरडत आले.

तरीही आज कलम आहे तसंच राहू द्यावं असं मी मि. टिस्डल यांना सांगितलं. मला विचार करायला दोन दिवस हवेत. व्यवस्था पाहण्यासाठी मी मि. टिस्डल यांनाच नेमते.

येणेप्रमाणे लिहिलं ते पूर्ण शुद्धीत लिहिलं.

सही: आर्मिनेल हॅकवेल
साक्षीदार, एकमेकांसमक्ष: जोशुआ टिस्डल, वकील, बार्थोलोम्यू कीओ, डॉक्टर
(विनी टूही आणि ओनोरा गेराटी यांना या कागदान्वये मिळणार असल्याने त्यांच्या सह्या घेतल्या नाहीत.)
मुक्काम हॅकवेल कोर्ट, शनिवार, २९ एप्रिल १८८२

पुरवणी

वरील मृत्युपत्राला जोडून मी, तीच आर्मिनेल हॅकवेल, आज हे लिहिते. कलम सहावं रद्द करावं. त्यातली वस्तू आता माझ्या ताब्यात नाही.

आज सकाळी मी विनीला भांडं आणि चिमटा आणायला सांगितला. तिने आणला, पण दाराशीच थांबली. म्हणाली, "बाईसाहेब, आज मेची पहिली. आज विस्तव घराबाहेर नेऊ नये. घराचं भाग्य जातं."

मी म्हटलं, "म्हणून तर काल नेला नाही."

तिने छातीवर क्रूस काढला, आणि मग, देव तिचं भलं करो, हसली. निखारे मी स्वतः काढले. शेगडीत एकही ठेवला नाही, राखसुद्धा झाडून घेतली. तेवढ्यात स्टँडिश मोजे वाळवायला आला.

"हे काय चाललंय? विस्तव कुठे नेतेस?"

"ज्याचा आहे त्याच्याकडे. गेराटींचा आहे हा. सबिनाच्या चुलीतला."

"कोण सबिना?" तो म्हणाला.

मी अठ्ठेचाळीस साली त्याला वाचवायला एक सबब ठेवली होती, की यादी त्याने वाचली नव्हती. ती सबब आज गेली; त्याला ती बाईच आठवत नाही. त्याच्या प्रश्नाचं उत्तर चौथ्या कलमात आहे, मि. टिस्डल वाचून दाखवतील. तो रिकाम्या शेगडीकडे बघत राहिला, मग म्हणाला, "आणि मी काय करायचं?"

मी पेटी उघडून वडिलांचा कोट काढला आणि त्याच्या हातात दिला. म्हटलं, "हा घाल." म्हणजे कलम चौथंही अर्धं पुरं झालं, मि. टिस्डल यांनी त्याप्रमाणे नोंद करावी.

गाढवाच्या गाडीतून विनी आणि मी क्लूनबेगला गेलो. भांडं मांडीवर, पोळत होतं, पण खाली ठेवलं नाही. ओनोरा दारात उभी होती. तिला कोणी कळवलं ते मला माहीत नाही. तिने माझ्या हातातून भांडं घेतलं, चुलीशी बसली, निखारे मांडले, वर टर्फ रचला आणि वाकून फुंकर घातली. बराच वेळ नुसता धूर येत होता. मग एका बाजूने पेटलं.

ती न वळता म्हणाली, "उशीर केलात, बाईसाहेब."

मी म्हटलं, "हो. फार केला."

"बसा. पाहुण्या म्हणून बसा आता."

मी बसले. पंधरा मिनिटं बसले असेन. पाहुण्याने चुलीत एक वीट घालायची असते, ती मी घातली. लहानपणी याच जागेवरून उठताना मी रडायचे. आज रडले नाही, पण उठवेनासं झालं, हे खरं लिहून ठेवते.

या पुरवणीने आणखी एवढंच जोडते: पुढच्या शनिवारपासून टर्फच्या टोपल्या मागच्या दाराशी येणार नाहीत. त्याबद्दल बॅरोनेटसाहेबांनी कोणालाही जाब विचारू नये.

खोलीत थंडी फार आहे. दोन शाली अंगावर आहेत आणि शाई घट्ट झाली आहे. खाली सही वाकडी आली असेल तर ती थंडीने आली आहे. माझं डोकं शाबूत आहे.

सही: आर्मिनेल हॅकवेल
साक्षीदार, एकमेकांसमक्ष, दोघेही कोट अंगावर ठेवून: जोशुआ टिस्डल, बार्थोलोम्यू कीओ
मुक्काम हॅकवेल कोर्ट, सोमवार, १ मे १८८२